सिगरेट सोडताना: पहिले तीन महिने कसे काढायचे

सिगरेट सोडायला निघालेल्या माणसाला सल्ल्यांची ददात नसते. 'मनाचा निर्धार पाहिजे' हा त्यातला सगळ्यात जास्त मिळणारा आणि सगळ्यात कमी कामी येणारा. निर्धार सकाळी आठ वाजता पोतंभर असतो. दुपारी डबा खाऊन ऑफिसातली चौकडी 'चल रे' म्हणत उठली की तो कुठे जातो, कळत नाही. त्यामुळे इथे निर्धाराबद्दल फारसं काही नाही. कुठल्या दिवशी काय करायचं, औषध कसं घ्यायचं आणि टपरीसमोरून पुढे कसं निघायचं, एवढंच आहे.

बिडीवाल्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू आहे. बिडी पानाची, म्हणून सौम्य, हा समज सोडून द्या. ती सारखी विझते, पेटती ठेवायला झुरके जास्त मारावे लागतात आणि धूरही तसाच जास्त आत जातो. तंबाखू-चुना, खर्रा, मशेरीवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय. महाराष्ट्रात खरं तर तेच जास्त: २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ ओढणारे निघाले, आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के.

तलफ आणि सवय

झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांनी निम्म्यावर येतं. म्हणून तास-दीड तासाने हात खिशाकडे जातो आणि रात्रभराच्या झोपेनंतरची पहिली सिगरेट सगळ्यात जोरात लागते. ही तलफ, शरीराची. सिगरेट बंद केल्यावर काही तासांत ती डोकं वर काढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अगदी भरात येते आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरते.

सवयीचं वेळापत्रक वेगळं. चहा आला की सिगरेट, संडासला जायचं तर सिगरेट, लोकल चुकली, साहेबांचा फोन आला, पाऊस पडायला लागला की सिगरेट. या जोड्या हजारो वेळा जुळलेल्या असतात आणि रक्तातलं निकोटीन संपलं म्हणून त्या सुटत नाहीत. सहा महिने एकही न ओढलेला माणूस मित्राच्या लग्नात मांडवामागे चौघे उभे दिसले की आपसूक तिकडे वळतो.

तलफेसाठी औषध आहे. सवयीसाठी दिवसाची मांडणी बदलावी लागते. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं की घोळ होतो. निकोटीनची च्युइंगम चघळूनसुद्धा चहाबरोबर सिगरेट आठवली म्हणून 'औषध चालत नाही' असं ठरवून ते बंद करणारे पुष्कळ. औषध आपलं काम करत होतं. आठवण काढायला चहाने लावली.

पहिली पायरी: आपण किती गुंतलोय ते बघा

दोन प्रश्न पुरे. सकाळी उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळाने? दिवसाला किती?

जगभरचे डॉक्टर व्यसनाची खोली मोजायला जी प्रश्नावली वापरतात, तिच्यातले हे दोन सगळ्यात वजनदार प्रश्न. डोळे उघडल्यापासून पाच मिनिटांत पहिली पेटत असेल तर शरीराची पकड घट्ट आहे. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तरी औषधाशिवाय सोडण्याचा हट्ट धरू नका. दिवसाला चार-पाचच, त्याही दुपारनंतर आणि मित्रांबरोबरच ओढत असाल, तर तुमचं दुखणं बहुतांशी सवयीचं आहे. औषधाचा भाग वरवर वाचलात तरी चालेल, पुढचा मात्र नीट वाचा.

दुसरी पायरी: मोबाइलमध्येच तुमची वही आहे

पूर्वी समुपदेशक सांगायचे, आठवडाभर वही ठेवा, प्रत्येक सिगरेटची वेळ लिहा. कोणी लिहीत नसे. आता ती वही आपोआप लिहिली जाते. पैसे पाठवायचं ॲप उघडा, व्यवहारांच्या यादीत टपरीवाल्याचं नाव शोधा आणि मागच्या पंधरा दिवसांच्या वेळा बघा. सकाळी ९.१०, रोज. मग ११.२० च्या आसपास, पण शनिवारी-रविवारी नाही. दुपारी १.४५, चहाच्या पैशांसकट. संध्याकाळी ६.३० ला एकदम मोठी रक्कम, म्हणजे रात्रीची सोय.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, कुठल्या सिगरेटी घड्याळाच्या आहेत आणि कुठल्या माणसांच्या. सुट्टीच्या दिवशी ११.२० ची गळत असेल, तर ती ऑफिसातल्या सोबतीची आहे. दुसरी गोष्ट पैशांची. एक सिगरेट २० रुपयांची धरली आणि दिवसाला १०, तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७३,००० रुपये. चहा, गोळ्या, काडीपेट्या वेगळ्या. मला या आकड्याचा फार भरवसा नाही. तलफ आली की हिशेब कोणी करत नाही. पण घरच्यांना सांगायला तो बरा पडतो.

रोख देणाऱ्यांनी किंवा पाकीट घेणाऱ्यांनी तीन-चार दिवस मोबाइलच्या नोंदवहीत वेळ आणि एक शब्द टाकावा: 'चहा', 'फोन', 'कंटाळा'. एवढं पुरतं.

तिसरी पायरी: तारीख

आजपासून दोन आठवड्यांच्या आत कुठलाही एक दिवस. त्यापुढची तारीख ही तारीख नसते.

हळूहळू कमी करत सोडू की एकदम? एकदम सोडणाऱ्यांना थोडं जास्त यश येतं, असं अभ्यासांत दिसलंय. कमी करण्यातली गोम अशी की दहाच्या चार केल्या तरी माणूस त्या चार खोलवर ओढतो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत. शरीर आपला वाटा वसूल करतं. ज्यांना एकदम सोडायची धास्ती वाटते त्यांनी तारखेआधीचे आठ-दहा दिवस कमी करत यावं, तारीख मात्र हलवू नये.

आपल्याकडे श्रावणात सोडायची पद्धत आहे आणि ती वाईट नाही. घरात मांसाहार बंद, मित्रांचं 'बसणं' बंद, चारचौघांत 'श्रावण पाळतोय' म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. एवढं आयतं कुंपण वर्षात दुसऱ्या वेळी मिळत नाही. पण महिना संपला की सोडवायचा, असं मनात धरून पाळलेला श्रावण हा उपासच, तो सुटणारच. शिवाय गटारीच्या रात्री 'आज शेवटच्या' म्हणून पाकीटभर ओढून दुसऱ्या दिवशी सुरुवात करणाऱ्याचा पहिला दिवस फार वाईट जातो. त्यापेक्षा दोन दिवस आधी सुरू करा.

गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनाही ही संधी आहे. वडीलधाऱ्यांसमोर ओढायची नाही, टपरी लांब, दिवसभर कामं. परसात जाऊन ओढणारे ओढतातच, पण गावच्या पाच-सात दिवसांत एरवीच्या निम्म्या जोड्या आपोआप मोडलेल्या असतात. मुंबईत उतरल्यावर त्या पुन्हा जुळू द्यायच्या नाहीत.

हिशेबखात्यात काम करत असाल तर मार्चअखेर नको. घरात लग्नकार्य असेल तर ते उरकू द्या. याहून जास्त मुहूर्त शोधू नका.

चौथी पायरी: आदला दिवस

घरातली, गाडीतली, ऑफिसच्या खणातली शेवटची सिगरेट काढून टाका. 'अडचणीला असू दे' म्हणून दुचाकीच्या डिकीत ठेवलेली तर आधी. लायटर, रक्षापात्र, बाल्कनीतला तो थोटकांनी भरलेला नारळपाण्याचा रिकामा शहाळा, सगळं बाहेर. हिवाळी जाकीट आणि बॅगा धुवायला टाका, वास लागतो.

मग टपरीवर जा आणि उधारी मिटवा. हे काम मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. टपरीवाला तुम्हाला लांबून येताना बघतो आणि तुम्ही पोचायच्या आत तुमच्या ब्रँडची एक काढून काउंटरवर ठेवतो. तुम्ही मागितलेलीही नसते. त्याची ती सवय तुमच्या सवयीहून पक्की आहे. त्याला सरळ सांगा: 'भाऊ, उद्यापासून मी सोडतोय, मला देऊ नका.' बहुतेक टपरीवाले हसतात आणि खरंच देत नाहीत. त्यांनी असे कितीतरी पाहिलेले असतात. खातं चालू राहिलं तर मात्र तिथे जायचं कारण जिवंत राहतं.

महाराष्ट्रात सुट्या सिगरेट-बिडीच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे. टपऱ्यांवर ती कितपत दिसते हे तुम्हाला माहीत आहेच. सुटी घेणाऱ्याचं आणखी एक नुकसान होतं: पाकिटावर छापलेला मदतीचा फोन नंबर त्याच्या नजरेलाच पडत नाही. तो असा: १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा हा नंबर, पैसे लागत नाहीत. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह इतर ठिकाणी केंद्रं झाली. मराठीत बोलता येतं. ते तुमच्याकडून तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. फोनवर बोलायला अवघडत असाल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या, मोबाइलवर संदेश येत राहतात. जिल्हा रुग्णालयांतही तंबाखूमुक्तीचा विभाग असतो.

आणि सांगायचं कोणाला? सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करू नका. घरातलं एक माणूस आणि तुमच्याबरोबर टपरीवर जाणारा एक, एवढे दोघे पुरे. त्या दुसऱ्याला स्पष्ट सांगा: 'मला विचारू नकोस आणि मी मागितली तरी देऊ नकोस.'

पाचवी पायरी: औषध

निकोटीन सोडायला निकोटीनच घ्यायचं, हे ऐकून लोक दचकतात. कर्करोग होतो तो धुरातल्या डांबराने आणि त्याच्या साथीच्या रसायनांनी. निकोटीन व्यसन लावतं. च्युइंगम किंवा पॅचमधून ते धुराशिवाय, संथपणे आणि कमी प्रमाणात मिळतं, त्यामुळे पहिले आठवडे सुसह्य होतात.

च्युइंगम २ आणि ४ मिलिग्रॅमची येते. उठल्यापासून अर्ध्या तासानंतर पहिली सिगरेट ओढणाऱ्याला २ ची पुरते. ती मेडिकलमध्ये सहज मिळते. अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला ४ ची लागते. ती डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ती खायची कशी, कारण इथेच बहुतेकांचं बिनसतं. नाव च्युइंगम म्हणून लोक ती कचाकचा चावतात. निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं आणि दोन गोळ्यांनंतर पाकीट कपाटात जातं. निकोटीन पोटातून नाही, गालाच्या आतल्या कातडीतून शोषलं जायला हवं. हळू चावा, दहा-पंधरा वेळा. जिभेवर मिरमिरल्यासारखं तिखट लागलं की थांबा आणि ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या, तंबाखूचा बार ठेवतात तशी. मिरमिर गेली की पुन्हा थोडी चावा, मग दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. त्यानंतर तिच्यात काही उरत नाही. लाळ हळूहळू गिळा.

चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूसरबत यांच्यानंतर पंधरा मिनिटं च्युइंगम नको आणि ती तोंडात असतानाही हे नको. तोंड आंबट असलं की निकोटीन शोषलं जात नाही. चहा पिऊन लगेच च्युइंगम घेणाऱ्याचे पैसे वाया जातात.

तलफ येईपर्यंत थांबू नका. पहिले सहा आठवडे जागेपणी दर तास-दोन तासांनी एक. दिवसाला २४ ही वरची मर्यादा. तिथे सहसा कोणी पोचत नाही. उलट लोक दिवसाला दोन-तीन खातात आणि काही होत नाही म्हणतात.

पॅच सोपा. ७, १४ आणि २१ मिलिग्रॅमचे असतात. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणारे साधारणपणे २१ ने सुरुवात करतात आणि काही आठवड्यांनी खाली येतात. सकाळी आंघोळीनंतर दंडावर किंवा पाठीवर, कोरड्या, केस नसलेल्या जागी लावायचा, रोज जागा बदलायची. रात्री भलतीसलती स्वप्नं पडली तर झोपताना काढून टाका. फार ओढणाऱ्यांना पॅच आणि वर गरजेपुरती च्युइंगम, असं दोन्ही मिळून जास्त उपयोगी पडतं.

गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि दोन्ही सोडायच्या तारखेआधी आठवडाभर सुरू कराव्या लागतात, म्हणून डॉक्टरांकडे आधी जा. फिट येण्याचा आजार असेल तर ब्युप्रोपिऑन चालत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि १८ वर्षांखालची मुलं यांनी निकोटीनचं कुठलंही औषध आपल्या मनाने घेऊ नये. इन्सुलिन, दम्याचं थिओफायलिन किंवा मानसिक आजाराचं क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असेल तर सिगरेट सोडताय हे डॉक्टरांना आधी सांगा; डोस बदलावा लागू शकतो.

ई-सिगरेटचा विचार करत असाल तर २०१९ पासून देशात तिच्या विक्रीवर बंदी आहे. जडीबुटीच्या 'हर्बल' सिगरेटी पेटवल्या की त्यांतूनही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतोच. हुक्का म्हणजे सोडणं नव्हे.

सहावी पायरी: पहिले तीन-चार दिवस

चहा निम्मा करा. त्यामागे शरीराचा साधा हिशेब आहे. धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने संपवत असतं. सिगरेट बंद झाली की तेच कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. रोजचे सहा कप चालूच राहिले की हात थरथरतात, छातीत धडधडतं, झोप उडते आणि खापर सिगरेट सोडण्यावर फुटतं.

चिडचिड होणार. घरी आधीच सांगून ठेवा की या आठवड्यात मी तिरसटासारखा बोलेन. घरच्यांनीही 'मग ओढ एखादी, पण असा वागू नकोस' हे वाक्य गिळावं. ते प्रेमाने म्हटलेलं असतं, पण घात करतं.

लक्ष लागत नाही, भूक वाढते, काहींचं तोंड येतं, काहींचा खोकला उलट वाढतो. पोटाची तक्रार तर पुष्कळांची: 'सिगरेटशिवाय साफ होत नाही.' ती खरी आहे, निकोटीन आतड्यांना ढकलत असतं. पहिले दोन आठवडे रात्री इसबगोल, सकाळी गरम पाणी, जेवणात पालेभाजी आणि पपई. संडासात मोबाइल किंवा पेपर न नेता बसा, कारण सिगरेट आणि मोबाइलची तिथली जोडीही तितकीच घट्ट असते.

तलफेचा एक झटका तीन ते पाच मिनिटांचा असतो. तेवढा वेळ काढायचा. जिना उतरून वर या, तोंडावर पाणी मारा, कोणाला तरी फोन लावा, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका. सुगंधी सुपारी मात्र टाकू नका. तिची वेगळी सवय लागते आणि तंबाखू नसली तरी सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो.

सातवी पायरी: सवयी एकेक करून मोडा

व्यवहारांच्या यादीत सापडलेल्या वेळा समोर घ्या. प्रत्येक वेळेसाठी जागा, हात किंवा माणूस, यांतलं एक तरी बदला.

सगळ्यात अवघड चहा. टपरीवर उभं राहून कटिंग पिणं पहिले तीन आठवडे बंद. ऑफिसात मशीनचा असेल तो घ्या, कितीही बेचव असो. बसून प्या आणि उजव्या हाताने ओढत असाल तर कप उजव्या हातात धरा. साधी गोष्ट, पण रिकामा हातच सिगरेट मागतो. तीन आठवड्यांनी टपरीवर जा, पण न ओढणाऱ्या माणसाबरोबर, चहा घ्या आणि संपला की निघा. कप ठेवल्यानंतरची दोन मिनिटं धोक्याची. गप्पा तेव्हाच रंगतात.

जेवणानंतरची सिगरेट: ताटावरून उठलात की थेट दात घासा. तोंडात टूथपेस्टची चव असताना सिगरेट कडू लागते. ऑफिसात ब्रश नेणं विचित्र वाटत असेल तर गच्च चूळ भरा आणि दुसऱ्या जिन्याने खाली जा.

दुचाकीवरून घरी जाताना ठरलेल्या चौकात थांबत असाल तर महिनाभर रस्ता बदला. दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. फोनवर बोलताना फेऱ्या मारत ओढत असाल तर बसून बोला, हातात पेन धरा.

दारूचं वेगळं सांगावं लागतं. दोन पेग झाल्यावर 'एकच झुरका दे' न म्हणणारा माणूस विरळा. पहिला महिना बसायचंच नाही. जमत नसेल तर घरच्या घरी, न ओढणाऱ्यांबरोबर. बारच्या बाहेरच्या पायरीवर उभं राहून सोबत देणं म्हणजे अर्धी ओढल्यासारखंच.

ताण आला म्हणून ओढतो, असं सगळेच म्हणतात. त्यातला बराचसा ताण आधीच्या सिगरेटचं निकोटीन उतरल्याचा असतो. पुढची ओढल्यावर जे हायसं वाटतं ते तेच उतरलेलं भरून आल्याचं. सोडून काही आठवडे झालेली माणसं पूर्वीपेक्षा शांत असतात, असं पाहणीत वारंवार दिसलंय. पण बाकीचा ताण खरा असतो. ऑफिसात दहा मिनिटं खुर्चीवरून उठायला सिगरेट हे एकच मान्य कारण असेल, तर ती दहा मिनिटं सोडू नका. उठा, खाली जा, गेटपर्यंत चालून या. सिगरेट न ओढणाऱ्यालाही विश्रांती लागते, हे साहेबांना पचायला थोडा वेळ लागेल, एवढंच.

वजन वाढतं. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो. त्या भीतीने पुन्हा सुरू करू नका आणि सोडायच्या महिन्यातच कडक डाएटही धरू नका. दोन उपास एकदम झेपत नाहीत. फरसाणाऐवजी काकडी, गाजर, भाजलेले फुटाणे हाताशी ठेवा. उरलेलं तीन महिन्यांनी बघू.

घसरलात तर

एखादी ओढली जाईल. लग्नात, भांडणानंतर, कोणाच्या तेराव्याला. एक सिगरेट ओढणं आणि पुन्हा सिगरेटी सुरू होणं यांत काही दिवसांचं अंतर असतं आणि त्या अंतरात करण्यासारखं बरंच असतं. हातातली विझवा. पाकीट घेतलं असेल तर उरलेल्या नळाखाली भिजवून टाका. कोणाला देऊन टाकल्या की उद्या मागता येतात. च्युइंगम चालू ठेवा. कुठे होतो, कोण होतं, हातात काय होतं, हे लिहून ठेवा आणि पुढच्या तशा प्रसंगासाठी एक बदल ठरवा. 'आता झालंच आहे तर हा आठवडा जाऊ दे, एक तारखेपासून' हे वाक्य डोक्यात आलं की लगेच क्विटलाइनला फोन लावा. कायमची सोडलेल्या बहुतेकांना ती एका फटक्यात सुटलेली नसते.

तीन महिने झाले की च्युइंगम दर आठवड्याला एक-दोनने कमी करत आणा. काहींना ती सहा महिने लागते. सिगरेटशी तुलना केली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खाणाऱ्या आणि लावणाऱ्यांसाठी

तंबाखू मळणाऱ्याची अडचण अशी की धूर नाही, वास नाही, कोणी हटकत नाही. काम करता करता, बसमध्ये, शेतात, बार दिवसभर चालू. म्हणून त्याची वेळांची यादी सिगरेटवाल्यापेक्षा लांब निघते आणि निकोटीनही भरपूर जातं. वरची च्युइंगम त्यालाही चालते. गालात ठेवायची कला त्याला शिकवावीच लागत नाही. आदल्या दिवशी पुडीबरोबर चुन्याची डबीही टाकायची. रिकामी डबी खिशात राहिली की अंगठा तळहातावर फिरायला लागतो.

विदर्भात खर्रा. पन्नीत घोटलेली तंबाखू, सुपारी आणि चुना. इथे व्यसनं दोन: निकोटीनचं आणि सुपारीचं. च्युइंगम पहिल्याचीच भरपाई करते, त्यामुळे चावायची ओढ जास्त दिवस राहते. भाजलेली जवस, ओवा, सुकं खोबरं बरोबर ठेवा. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात माव्याचंही तेच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. चोरून मिळतो म्हणून तो वेगळा धरू नका.

मशेरी बहुतेक बायका लावतात, सकाळी, दात घासण्याच्या नावाखाली. काहींचं दिवसात चार-पाचदा होतं. दात दुखायचा म्हणून सुरू झालेली असते. अशा बाईला 'सोड' म्हणण्याआधी तिचा दात दाखवून घ्या. किडका दात तसाच ठेवून मशेरी सुटत नाही, दुखलं की बोट पुन्हा डबीत जातं. गरोदरपणात तर ती लगेच थांबायला हवी; बाळाचं वजन कमी भरतं. आशाताईंशी बोललात तर त्या उपकेंद्रात घेऊन जातात.

यांतलं काहीही वर्षानुवर्षं चालू असेल तर आरशासमोर उजेडात तोंड उघडा. मधली तीन बोटं उभी आत जायला अडतात का बघा. गालाच्या आत, जिभेखाली, ओठ उलटून आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तिखट खाताना आग होते का, दोन आठवड्यांहून जुनी न भरलेली जखम आहे का. यांतलं एक जरी असलं तरी दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, दुखत नसलं तरी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढला की तपासणी होते. जाताना किती वर्षं आणि दिवसाला किती, हे खरं सांगा.